पहिली मोटोक्रॉस शर्यत: जागा, परवाने आणि विमा

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या बंदिस्त वाटेवर ठरावीक वेळ किंवा ठरावीक फेऱ्या धावायची मोटारसायकलींची शर्यत. वाट मुद्दाम वेडीवाकडी आणि उंचसखल आखलेली असते. रॅलीत स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक सुटतात आणि त्यांची झुंज घड्याळाशी असते. मोटोक्रॉसमध्ये सगळे एका ओळीत उभे राहतात आणि एकदम सुटतात. त्यामुळे पहिल्या वळणावर पंधरा-वीस गाड्या एकाच जागेसाठी भिडतात. आयोजनाचे बहुतेक प्रश्न या एका वैशिष्ट्यातून निघतात.

या खेळाची सुरुवात इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे २९ मार्च १९२४ रोजी झालेल्या ‘सदर्न स्कॉट स्क्रॅम्बल’पासून मानली जाते. पुढे मोटारसायकलसाठीचा फ्रेंच शब्द आणि ‘क्रॉस-कंट्री’ यांच्या जोडातून ‘मोटोक्रॉस’ हे नाव रूढ झाले. १९०४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने, म्हणजे एफआयएमने, १९५७ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. भारतात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, अर्थात एफएमएससीआय, ही चेन्नईस्थित संस्था करते. स्टेडियममध्ये कृत्रिम उंचवटे रचून होणारा त्याचा भाऊबंद म्हणजे सुपरक्रॉस. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली.

वाशिमसारख्या जिल्ह्यात शर्यत भरवण्याचा अनुभव नवा नाही. सुगी आटोपली की विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात. मंडळ, मांडव, बक्षिसे, भोंगा, पार्किंग हे सारे गावाच्या अंगवळणी पडलेले असते. परवानगीचा सरावही आता झाला आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीसंबंधीचा कायदा वैध ठरवला, आणि पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, धावपट्टीच्या लांबीची मर्यादा या अटी आयोजकांना पाठ झाल्या. तरीही पटाची सवय मोटोक्रॉसला जशीच्या तशी चालत नाही. पटात जोडी सरळ धावते आणि लोक धावपट्टीला खेटून उभे राहतात. मोटोक्रॉसमध्ये गाडी कोणत्याही वळणावरून बाहेर फेकली जाऊ शकते. म्हणून आयोजकाला आधी माणसे कुठे उभी राहणार ते ठरवावे लागते आणि मग गाड्यांची वाट आखावी लागते.

जागा आणि हंगाम

वाशिम जिल्ह्यातील बरीच शेती काळ्या, चिकण मातीची आहे. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये इतकी दाटते की चाक फिरेनासे होते. सुकल्यावर भेगेत पुढचे चाक अडकून गाडी उलटते. सोयाबीन-तुरीला हवी असलेली हीच भारी जमीन शर्यतीला निकामी. कामाची ठरते ती टेकाडाच्या अंगची मुरमाड, बरड जमीन. तिच्यातून पाणी लवकर निचरते, चाकाला पकड मिळते आणि थोडे पाणी मारले की धूळ बसते.

सोयीचा हंगाम दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंतचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भाला अवकाळी पाऊस आणि गारपीट गाठू शकते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि जाड संरक्षक पोशाखातल्या स्पर्धकाला उष्माघाताचा धोका असतो.

मालकीच्या बाबतीत खासगी जमीन सर्वांत सुटसुटीत. सातबाऱ्यावर जितकी नावे असतील तितक्यांची लेखी संमती घ्यावी. थोरल्या भावाने होकार दिला म्हणून धाकट्याचा हक्क संपत नाही. गावकऱ्यांच्या बोलण्यातली ‘ई-क्लास’ जमीन मोकळी दिसते. पण ती सरकारी असते, आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाने एकट्याने भागत नाही, महसूल विभागाची परवानगी लागते. वनजमीन सोडूनच द्यावी. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आसपास काळविटांचा वावर असल्याने तिथे गाड्यांचा आणि भोंग्यांचा गोंगाट करणे अयोग्य.

जागेची पाहणी पायी करावी. कठडा नसलेली शेतविहीर, विजेचा खांब, खाली झोळ पडलेली तार, ठिबकच्या नळ्या आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यालगत उभे असलेले पीक यांची नोंद कागदावर घ्यावी. हाच कच्चा नकाशा पुढे पोलिसांना, रुग्णवाहिकेला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. आखलेली वाट पांदण रस्त्याला छेदत असेल तर ती वळवावी. त्याचे कारण परवान्यांच्या भागात येईल. उंचवटे उभारायला बाहेरून मुरूम आणायचा असल्यास तो गौण खनिजात मोडतो. स्वामित्वधन आणि वाहतूक परवाना नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार दंड होतो, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली तहसील कार्यालयात उभी राहते.

वाटेची आखणी

पहिल्या शर्यतीला सव्वा-दीड किलोमीटरची वाट पुरते. रुंदी कुठेही सहा मीटरपेक्षा कमी नसावी. लांब सरळ पट्टे टाळावेत, कारण मोटोक्रॉसची वाट वेग वाढवण्यासाठी नसते. आंतरराष्ट्रीय महासंघसुद्धा मैदानावरील सरासरी वेगाला मर्यादा घालतो.

उंचवट्याचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एकात दोन टेकाडांमध्ये खड्डा असतो; उडी अपुरी पडली तर गाडी समोरच्या टेकाडावर आदळते. दुसऱ्यात माथा सपाट असतो. उडी अपुरी पडली तरी गाडी माथ्यावरच टेकते. नवख्या आयोजकाने आणि नवख्या स्पर्धकांसाठी दुसराच प्रकार बांधावा. उडी घेणाऱ्याला पलीकडचे दिसत नाही, म्हणून प्रत्येक उंचवट्याच्या उतारावर लक्ष ठेवणारा एक झेंडेवाला हवा.

वाटेच्या दोन्ही कडा चुन्याची फक्की आणि बांबू-पट्टीने दाखवाव्यात. पट्टी अशी असावी की गाडी घुसली तर ती तुटेल. लोखंडी अँगल आणि काटेरी तार वाटेजवळ नकोच. या कडेपलीकडे रिकामा पट्टा, आणि त्याच्या बाहेर प्रेक्षकांसाठी मजबूत कुंपण. वळणाची बाहेरची बाजू आणि उडीनंतरचा भाग इथे प्रेक्षकांना पूर्ण मनाई. जिथून दृश्य सर्वांत थरारक दिसते तिथेच गाडी येऊन आदळते, हे लोकांना पटवणे अवघड असते. त्या जागी दोरी बांधून भागत नाही, माणूस उभा करावा लागतो. झाड किंवा खांब हटवता येत नसेल तर कुटाराने भरलेली पोती त्याभोवती रचावीत, मात्र पेट्रोल भरण्याच्या जागेपासून ती लांब असावीत.

परवाने

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत भरवू देणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच कायद्यात सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या जिथे जनतेला प्रवेशाचा हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा जागा अशी रुंद आहे. पांदण रस्ता तीत सहज बसतो. कुंपण घातलेल्या खासगी शेतातही लोकांना खुला प्रवेश दिला की वाद उभा राहू शकतो. म्हणून जागा खासगी असली तरी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून लेखी उत्तर मिळवणे शहाणपणाचे.

त्या अर्जाला पुढील कागद जोडावेत: ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र, जमीनधारकांची संमती, मैदानाचा नकाशा, वाहतूक आणि पार्किंगचा आराखडा, वैद्यकीय व्यवस्थेचे पत्र आणि विम्याचा प्रस्ताव. पोलिस ठाण्याचा अभिप्राय निर्णायक असतो. जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश त्या काळात लागू आहेत का, हे तिथेच विचारावे. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. महिन्या-दीड महिन्याआधी सुरुवात केली तर हे सारे वेळेत बसते.

खेळाच्या बाजूने एफएमएससीआयचा आयोजन परवाना हवा. पहिल्यांदा शर्यत भरवणाऱ्या मंडळाने एखाद्या संलग्न क्लबला सोबत घ्यावे. नियमपुस्तिका, अनुभवी पंच आणि मैदानाची तपासणी त्यांच्यामार्फत मिळते. परवान्याविना झालेल्या शर्यतीत धावणारा परवानाधारक स्पर्धक स्वतःचा परवाना धोक्यात घालतो, त्यामुळे चांगले स्पर्धक अशा शर्यतीला येत नाहीत.

सर्वांच्या आधी पाहायचा प्रश्न आयोजक कोण हा. नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. नुकसानभरपाईचा दावा अध्यक्ष, सचिव अशा व्यक्तींवरच येतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली संस्था असेल तर करार, बँक खाते आणि विमा पॉलिसी तिच्या नावावर घेता येतात.

विमा

या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज असा की गाडीचा विमा चालू आहे, म्हणजे काळजी नाही. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत ‘वापरावरील मर्यादा’ या शीर्षकाखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेल्या असतात. मोटार वाहन कायदासुद्धा विमा कंपनीला या कारणावरून दायित्व नाकारण्याची मुभा देतो. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा त्याच पॉलिसीच्या अटींना बांधलेला असतो. मोटोक्रॉससाठीच बनवलेल्या गाड्यांचा प्रश्न आणखी सरळ: त्यांची नोंदणी होत नाही, त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, पिकअपमध्ये घालूनच आणाव्या लागतात, आणि त्यांना रस्त्यावरचा विमा नसतोच. म्हणजे शर्यतीच्या दिवशी मैदानावर आयोजकाने स्वतंत्र विमा घेतला नसेल तर कोणालाच संरक्षण नाही.

दुसरा गैरसमज नावातून होतो. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ हा भोपाळ दुर्घटनेनंतर घातक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांसाठी झालेला कायदा आहे. शर्यतीशी त्याचा संबंध नाही. आयोजकाला हवी असते ती सर्वसाधारण विमा कंपनीकडून स्वेच्छेने घेतलेली सार्वजनिक दायित्व पॉलिसी. प्रेक्षक जखमी झाला, शेजाऱ्याचा गोठा जळाला, कुणाच्या गाडीवर मांडव कोसळला, तर आयोजकावर येणारी कायदेशीर भरपाई ती भरते. तिची मर्यादा दोन आकड्यांत लिहिलेली असते: एका अपघातासाठी कमाल किती आणि पूर्ण मुदतीसाठी कमाल किती. सुरुवातीची ठरावीक रक्कम आयोजकाने सोसायची असते. पॉलिसीत शर्यतीचे नाव, तारीख, गट क्रमांकासह जागा आणि जमीनमालकाचे नाव यायला हवे. सरावाचा आदला दिवस आणि मांडव उभारण्या-उतरवण्याचे दिवसही मुदतीत धरले आहेत का, ते तपासावे.

ही पॉलिसी सहसा स्पर्धकांना झालेली इजा भरत नाही. त्यांच्यासाठी गट वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. मृत्यू, कायमचे पूर्ण अपंगत्व आणि कायमचे अंशतः अपंगत्व हे त्याचे मुख्य भाग; रुग्णालयाचा खर्च आणि कामावर जाता न आल्याची आठवडी भरपाई जोडून घ्यावी लागते. अशा पॉलिसींतही चाकांवरची शर्यत वगळलेली असू शकते. ‘मोटोक्रॉस स्पर्धेत भाग घेताना’ असे शब्द पॉलिसीवर लिहून घेतल्याशिवाय हप्ता भरू नये. झेंडेवाले, पंच आणि स्वयंसेवक यांची नावे याच यादीत घालावीत, कारण गाड्यांच्या सर्वांत जवळ तेच उभे असतात. मजुरी घेऊन काम करणारे मांडववाले आणि जेसीबीचालक यांची जबाबदारी वेगळी: त्यांच्या कंत्राटदाराकडे कामगार भरपाईचा विमा आहे का, हे करारातच विचारावे. पावसाने शर्यत रद्द झाल्यास खर्च भरून देणारा विमाही मिळतो; छोट्या शर्यतीला त्याचा हप्ता परवडेलच असे नाही. त्याऐवजी राखीव तारीख ठेवणे स्वस्त पडते.

प्रस्ताव अर्ज भरताना विमा करार परम विश्वासावर उभा असतो हे लक्षात ठेवावे. कंपनीने जोखीम पाहिलेली नसते. अर्जदाराने सांगितलेले खरे मानून ती हप्ता ठरवते. अर्जात ‘अपेक्षित प्रेक्षक ५००’ लिहिले आणि चौकातल्या फ्लेक्सवर ‘हजारोंच्या उपस्थितीत’ छापले, तर तो फ्लेक्स पुढे दाव्याच्या फायलीत येऊ शकतो. कुंपण, रुग्णवाहिका, अग्निशामक नळकांडी यांबद्दल अर्जात जे लिहिले ते मैदानावर असायलाच हवे. अशी जोखीम तालुक्याच्या शाखेत मंजूर होत नाही, प्रस्ताव वरच्या कार्यालयात जातो. म्हणून निदान महिनाभर हाताशी ठेवावा. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. आदल्या रात्री ‘धनादेश उद्या देतो’ म्हणणे म्हणजे विम्याविना शर्यत.

स्पर्धकांकडून घेतलेले हमीपत्र विम्याची जागा घेत नाही. खेळातला अंगभूत धोका सज्ञान स्पर्धकाने जाणून पत्करला, याचा तो पुरावा असतो. आयोजकाच्या हलगर्जीपणाला ते माफी देत नाही आणि प्रेक्षकांना तर बांधतच नाही. अज्ञान मुलाने केलेला करार भारतीय कायद्यात निरर्थक असतो. अठरा वर्षांखालील स्पर्धकासाठी पालकांची सही घ्यावी, पण त्या सहीवर विसंबू नये. पहिल्या वर्षी लहान मुलांचा गट नसलेलाच बरा.

आयोजकाकडून किती काळजी अपेक्षित असते, याचा एक जुना दाखला इंग्लंडमधील ब्रुकलँड्स या मोटारींच्या धावपट्टीचा आहे. तिथे १९३० मध्ये दोन मोटारी आदळल्या, एक कठडा तोडून प्रेक्षकांत घुसली आणि दोघे मरण पावले. अपील न्यायालयाने पुढे आयोजकांना दायित्वातून मुक्त केले. धावपट्टी सुरू झाल्यापासून २३ वर्षांत असे कधी घडले नव्हते आणि वाजवी खबरदारी घेतलेली होती, हे त्यामागचे कारण. त्या निकालाने आयोजकाची जबाबदारी वाजवी काळजीपुरती ठेवली. वळणाच्या बाहेर गर्दी उभी करणाऱ्याला मात्र हा बचाव मिळत नाही, कारण तिथे गाडी येणार हे आधीच माहीत असते. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली होणारी शिक्षा कोणताही विमा भोगत नाही.

शर्यतीचा दिवस

सकाळ गाड्यांच्या तपासणीत जाते. तपासनीस हँडलच्या टोकांवर रबर आहे का, ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोके गोल आहेत का, इंजिन बंद करण्याचे बटण चालते का, हे पाहतो. रस्त्यावरची गाडी असेल तर आरसे, इंडिकेटर, स्टँड आणि नंबरप्लेट काढायला लावतो. पडल्यावर हीच अंगात घुसतात. मग पुढचे चाक उचलून डावी-उजवीकडे हलवतो; खडखड आली तर गाडी बाजूला. हेल्मेट हातात घेऊन तडा पाहायचा, पट्टा ओढायचा. गुडघ्यापर्यंतचे बूट, छातीचे कवच, गॉगल आणि हातमोजे नसलेल्याला आत सोडायचे नाही. तपासलेल्या गाडीवर रंगाची खूण करायची.

त्यानंतर सर्व स्पर्धकांना बोलावून झेंड्यांचा अर्थ सांगितला जातो. स्थिर पिवळा म्हणजे पुढे सावध. हलता पिवळा म्हणजे लगेच धोका, वेग कमी करा, उडी नको, कुणाला मागे टाकणे नको. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे एक फेरी पुढे असलेला मागून येतोय, वाट द्या. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे शर्यत संपली. एका झेंडेवाल्याला पुढचा झेंडेवाला दिसला पाहिजे, ही त्यांच्या नेमणुकीची कसोटी. दोघांनी मिळून एक ठिकाण सांभाळावे: एकाने झेंडा, दुसऱ्याने पडलेली गाडी.

राज्यात २०१४ पासून चालणारी १०८ रुग्णवाहिका सर्व जनतेसाठी असते, तिच्या भरवशावर शर्यत सोडता येत नाही. डॉक्टरसह स्वतंत्र रुग्णवाहिका मैदानावर उभी हवी, आणि ती रुग्णाला घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत शर्यत बंद. वाशिमचे जिल्हा रुग्णालय आणि सुमारे ८० किलोमीटरवरचे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना तारीख आधीच कळवावी. पडलेल्या स्पर्धकाचे हेल्मेट उत्साहाने ओढून काढायचे नाही, त्याला हातापायांनी उचलायचे नाही. मानेचा कणा दुखावला असेल तर याने कायमचे अपंगत्व येते. गर्दीतल्या शंभर हातांना आवरणे हे त्या क्षणी पंचांचे पहिले काम.

अपघातानंतर

गंभीर अपघात झाला की जागा तशीच ठेवून छायाचित्रे घ्यावीत, पोलिसांना कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी सूचना द्यावी. प्रवेश अर्ज, हमीपत्र, तपासणीची नोंद, झेंडेवाल्यांची हजेरी आणि चित्रीकरण एका फायलीत ठेवावे. दायित्व पॉलिसीत एक अट बहुधा असते: कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि भरपाईचे आश्वासन द्यायचे नाही. गावात मात्र अध्यक्ष भोंग्यावरून ‘सगळा खर्च मंडळ करील’ असे जाहीर करून मोकळे होतात. जखमीला दवाखान्यात नेणे, औषध-पाणी पाहणे हे कर्तव्यच आहे. रक्कम जाहीर करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिने पॉलिसी अडचणीत येऊ शकते. हा फरक पदाधिकाऱ्यांना आधीच्या बैठकीत समजावून द्यावा.

अपघात न घडताही काम उरते. उंचवटे सपाट करून, बांबू-खुंट्या उपटून, सांडलेले तेल उचलून जमीन करारात ठरल्याप्रमाणे परत द्यावी. शेजाऱ्याच्या पिकाचे नुकसान झाले असेल तर ते त्याच्यासमोर मोजून लिहून घ्यावे. कोणत्या वळणावर किती जण पडले, कुठे प्रेक्षक पट्टीच्या आत आले, किती वेळा पिवळा झेंडा दाखवावा लागला, याची नोंद करावी. पुढच्या वर्षी प्रस्ताव अर्जात विमा कंपनी मागचा अनुभव विचारते. त्या रकान्यात ही नोंद जोडता येते.